यात मूळचे किती उरले आहे?

माझी माझदा आरएक्स-७ गाडी विकायची आहे असे चार ठिकाणी कळवल्यावर पहिला फोन आला तो एका निर्यातदाराचा. गाडी चालते कशी, रंग टिकला आहे का, किलोमीटर किती झाले, यांपैकी काहीही न विचारता त्याने एकच प्रश्न केला : यात मूळचे किती उरले आहे? मी त्याला यादी सांगितली. सांगाडा, दारे, छप्पर, काचा, गिअरबॉक्स, डॅशबोर्ड आणि इंजिनाच्या बीडाच्या प्लेटा हिरोशिमाच्या कारखान्यातून आल्या तशाच आहेत. टर्बो, इंटरकूलर, रेडिएटर, इंधनाचा पंप, इंजेक्टर, इंजिनाचा संगणक, सस्पेन्शन, ब्रेक, चाके, दोन्ही पुढच्या सीट आणि चारही मडगार्ड यांतले काहीही मूळचे नाही. त्याने सभ्यपणे आभार मानले आणि जी किंमत सांगितली ती नुसत्या इंजिनाच्या कामाच्या बिलांच्या बेरजेहूनही कमी होती. मला त्याचा राग आला नाही, कारण त्याच्या धंद्यात ते उत्तर बरोबरच होते. मात्र त्याचा प्रश्न पुढे बराच काळ डोक्यात राहिला. त्यात एक गृहीत दडलेले होते आणि ते मला मान्य नव्हते : मूळचे तेवढे खरे, आणि नंतर माणसांनी घातलेले सगळे वजावटीच्या खात्यात.

आम्ही ऑकलंड सोडून कोल्हापूरला परत जात आहोत. आण्णांचे वय झाले आहे, आईला एकटीला सगळे झेपत नाही, आणि हा निर्णय घरातल्या सर्वांनी मिळून घेतला आहे. गाडी बरोबर नेता येणार नव्हती. वापरलेली गाडी भारतात आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि माझी माझदा आरएक्स-७ तर १९९६ सालची. ती अट क्षणभर बाजूला ठेवली तरी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. इथे रीतसर तपासून प्रमाणित झालेली ही गाडी ताराराणी चौकात उभी राहिली तर ती बेकायदा ठरेल. तेव्हा विकणे एवढाच मार्ग होता, आणि प्रश्न उरला तो कशी विकायची याचा.

या गाडीत बदल का केले जातात, हे तिचे इंजिन समजल्याशिवाय कळत नाही. आरएक्स-७ ला पिस्टन नाहीत. उभ्या चिरलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा, कंबरेत किंचित आत गेलेला एक कक्ष आणि त्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर, अशा दोन जोड्या आणि त्यांच्या मधून जाणारा विकेंद्री शाफ्ट, एवढ्यावर हे इंजिन उभे आहे. एकेक कक्ष ६५४ सीसीचा, दोन्ही मिळून १,३०८. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन फेरे होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, कनेक्टिंग रॉड नाही. खाली-वर आदळणारा एकही भाग नसल्यामुळे ते शेवटपर्यंत गुळगुळीत फिरत जाते, आणि आकाराने इतके लहान आहे की माझदाच्या अभियंत्यांनी ते पुढच्या आसाच्या मागे सरकवून बसवले. गाडीचे सारे वजन १,३०० किलोच्या आसपास आणि तेही पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समान विभागलेले. वळणावर स्टिअरिंग फिरवावे आणि त्याच क्षणी गाडीचे नाक वळावे, मागून काही ओढले जात आहे असे जाणवूच नये, हा अनुभव मी दुसऱ्या कोणत्याही गाडीत घेतलेला नाही.

या इंजिनाचा सगळा जीव त्या त्रिकोणाच्या तीन टोकांवर आहे. प्रत्येक टोकाला एक खाच आणि त्या खाचेत स्प्रिंगवर बसलेली, दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी असते. तिला एपेक्स सील म्हणतात. दोन रोटरच्या मिळून सहा पट्ट्या. जळणाऱ्या वायूचा दाब त्या धरून ठेवतात, आणि त्यांतली एक जरी तुटली तरी तिचे तुकडे कक्षाची भिंत ओरबाडत टर्बोपर्यंत जातात. माझदाने १९६१ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून फेलिक्स वँकेल यांच्या या इंजिनाचे हक्क घेतले तेव्हा याच पट्ट्यांनी त्यांना जेरीस आणले होते. चाचणीच्या इंजिनांत पट्ट्या थरथरत आणि क्रोमच्या भिंतीवर ओळीने चरे उमटत. हिरोशिमातले लोक त्या चऱ्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ अभियंत्यांच्या तुकडीने कार्बन आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी करून तो प्रश्न सोडवला आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरची गाडी बाजारात आली. पुढे जून १९९१ मध्ये माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. तो मान मिळवणारी ती पहिली जपानी गाडी. त्याच वर्षाच्या अखेरीस आरएक्स-७ ची तिसरी पिढी आली, जिला सगळे एफडी म्हणतात, आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अकरा वर्षांत सुमारे ६८ हजार गाड्या. आजच्या हिशेबाने ही संख्या किरकोळ आहे.

कारखान्याने या इंजिनाला दोन टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, दिले होते आणि ते एकामागून एक कामाला लागत. सुमारे ४,५०० आरपीएमपर्यंत पहिला टर्बो एकटा, त्यानंतर दुसरा त्याच्या जोडीला. कागदावर ही रचना अतिशय सुंदर आहे. प्रत्यक्षात ती चालवण्यासाठी इंजिनावर व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्यांचे आणि सोलेनॉइडांचे, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपांचे, जे जाळे पसरलेले असते, ते रोटरी इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत वर्षानुवर्षे भाजून निघते. नळ्या कडक होतात, तडकतात, आणि मग दुसरा टर्बो केव्हा येईल किंवा येईलच की नाही, याचा भरवसा राहत नाही. कूलंटमधली, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली, हवा वेगळी करणारी एक छोटी टाकी या गाडीत प्लास्टिकची होती. ती शिवणीवर फुटते, कूलंट जाते, आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत इंजिनाच्या पाण्याच्या सीलांचे काम तमाम झालेले असते. म्हणून एफडी बाळगणारा माणूस पहिल्यांदा ती टाकी अॅल्युमिनियमची करतो, मग मोठा रेडिएटर घालतो, मग समोर टर्बोची गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, आणि शेवटी दोन टर्बो काढून एक मोठा टर्बो बसवतो, कारण त्याबरोबर ते नळ्यांचे सगळे जाळेही निघून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही वेगाची हौस वाटते. हौस असतेच, मी ती नाकारणार नाही. पण या गाडीत बहुतेक बदलांची सुरुवात दुरुस्तीपासून होते, आणि ही गोष्ट निर्यातदाराच्या प्रश्नात कुठेही बसत नव्हती.

गाडी न्यूझीलंडमध्ये माझ्या आधीच आलेली होती. या देशाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानी वापरलेल्या गाड्यांना दार उघडले, १९९८ मध्ये आयातकरही काढून टाकला, आणि त्याच वर्षी इथले मोटारी जोडण्याचे उरलेले कारखाने बंद झाले. तिकडे जपानमध्ये दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीचा खर्च जुन्या गाडीला परवडेनासा होतो, इकडे तीच उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची गाडी स्वस्तात मिळते, त्यामुळे इथली एक आख्खी पिढी स्कायलाइन, सिल्व्हिया आणि आरएक्स-७ यांच्यावर हात बसवत मोठी झाली. माझ्या गाडीच्या फाइलमध्ये तिच्या जपानी लिलावाचा कागद अजून आहे. रुंद मडगार्ड तेव्हाच बसवलेले होते. म्हणजे कोणा अनोळखी जपानी मालकाने मागच्या चाकांवरचा मूळ पत्रा कापला, कापलेल्या कडा नीट सील केल्या आणि वर फायबरचे मडगार्ड बोल्टने घट्ट केले. मी स्वतः तो पत्रा कधीच कापला नसता. टर्बो बदलता येतो, सस्पेन्शन परत मूळचे घालता येते, पण कापलेला पत्रा हा परतीचा रस्ता नसलेला बदल असतो. तरीही त्या माणसाचे काम इतके चोख आहे की इतक्या वर्षांत त्या कडेला गंज धरलेला नाही, आणि दरवेळी मडगार्ड काढून आत दिवा मारला की मला त्याच्या हाताचे कौतुक वाटत आले आहे.

इथे बदललेल्या गाडीला स्वतंत्र तपासणी आहे. बदल ठरावीक मर्यादेच्या पलीकडे गेले की प्रमाणित परीक्षकाकडून गाडी तपासून घ्यावी लागते. तो जोडणीचे वेल्डिंग पाहतो, ब्रेक पाहतो, सीटचे बोल्ट कशात बसवले आहेत ते पाहतो, आवाज मोजतो, आणि समाधान झाले तर एक धातूची पट्टी देतो. ती पट्टी गाडीवर कायमची बसवली जाते आणि तिच्यावर एकेक बदल नोंदलेला असतो. पट्टीवर नसलेला बदल पोलिसांना आढळला तर काचेवर गुलाबी स्टिकर लागतो आणि गाडी तिथून रस्त्यावर चालवता येत नाही. माझ्या मते ही पद्धत उत्तम आहे. बदल करणाऱ्याला ती गुन्हेगार ठरवत नाही आणि मोकाटही सोडत नाही. तू जे केलेस ते दाखव आणि त्यावर जाणत्या माणसाची सही घे, एवढेच ती म्हणते. भारतात या विषयावर जवळजवळ सरसकट बंदी आहे, आणि तिचे कारणही मला समजते, पण बंदीमुळे बदल थांबत नाहीत, ते फक्त कागदावर येत नाहीत.

इंजिन एकदा माझ्याच काळात बांधले गेले. तसे तुटलेले काही नव्हते. पाण्याचे सील थकले होते आणि सकाळी सुरू करताना पांढरा धूर दिसू लागला होता. योगायोगाने आण्णा आणि आई तेव्हा आमच्याकडे आले होते. आण्णांनी सारी हयात उद्यमनगरात काढली; ट्रॅक्टरची, जीपची, उसाच्या ट्रकांची इंजिने त्यांच्याकडे बोअरिंगला, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून ओव्हरसाइज, मोठ्या मापाचा, करून घ्यायला येत, आणि बोटाने सिलिंडरच्या आत एक फेरा मारून ते झीज किती आहे सांगत. मी त्यांना रोटरीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो. हा मनुष्य आमच्या उपनगरातल्या एका शेडमध्ये एकटा काम करतो आणि फारसा बोलत नाही. टेबलावर इंजिनाचे थर एकाशेजारी एक मांडले होते : बीडाची प्लेट, अॅल्युमिनियमचा कक्ष, बीडाची प्लेट, पुन्हा कक्ष, पुन्हा प्लेट. आण्णा बराच वेळ नुसते पाहत उभे राहिले. मग त्यांनी मिस्त्रीकडे पाहून मानेनेच परवानगी विचारली आणि कक्षाच्या आतून तर्जनी फिरवली, सावकाश, कंबरेच्या वळणापाशी थांबून, जिथे क्रोम सर्वांत आधी सोलवटतो तिथे दोनदा.

“ह्याला बोअर कसं मारायचं?” त्यांनी मला विचारले.

मी सांगितले की नाही मारता येत. आतला थर क्रोमचा आहे आणि आकार गोल नाही. झिजला की कक्षच बदलायचा.

“म्हणजे ह्याला ओव्हरसाइज न्हाई,” ते म्हणाले. “मग हे इंजिन चालवणाऱ्यानं जपायचं. मिस्त्रीच्या हातात काय ऱ्हात न्हाई.”

मिस्त्रीला मी हे भाषांतर करून सांगितले तेव्हा तो हसला नाही. त्याने मान डोलावली आणि नव्या सीलांचे पाकीट उघडून आण्णांच्या हातात दिले. आण्णांनी त्यांतली एक पट्टी खाचेत सरकवून पाहिली, फट मोजण्याचे फिलर गेज मागून घेतले, आणि पुढचा अर्धा तास त्या दोघांना माझ्या भाषांतराची गरज पडली नाही. बांधलेल्या इंजिनाच्या बिलामागे मिस्त्रीने सहाही पट्ट्यांची मापे हाताने लिहून दिली आहेत. ते बिल फाइलमध्ये आहे.

विक्रीचा हिशेब सुरू झाला तेव्हा मला तीन वाटा दाखवण्यात आल्या. पहिली वाट तुकड्यांत विकण्याची. टर्बो वेगळा, इंजिनाचा हॅल्टेक कंपनीचा संगणक वेगळा, चाके, सीट, ब्रेक, इंटरकूलर वेगवेगळे, आणि शेवटी उरलेला सांगाडा. व्यवहार म्हणून ही सर्वांत फायद्याची वाट आहे. बदललेली गाडी अखंड विकली तर तिच्यात घातलेल्या पैशांतले निम्मेही परत येत नाहीत, पण सुटे भाग चांगल्या भावाने जातात, कारण घेणाऱ्याला त्या भागाचे काम कळते आणि त्याचा भरवसा फक्त त्या भागापुरताच ठेवायचा असतो. दुसरी वाट गाडी मूळ रूपात आणण्याची. मूळचे दोन्ही टर्बो, एअरबॉक्स, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग माझ्याकडे खोक्यांत होते. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना तिथल्या सुरक्षा नियमांची अट न लावता आयात होऊ देतात, त्यामुळे १९९० च्या दशकातल्या जपानी गाड्या तिकडे ओढल्या जात आहेत आणि हात न लागलेल्या एफडीला जो भाव येतो तो ऐकून छाती दडपते. तो निर्यातदार त्याच बाजाराकडे पाहत होता. तिसरी वाट, आहे तशी, अखंड, सगळ्या बदलांसकट विकण्याची. सर्वांत संथ आणि सर्वांत कमी पैशांची.

मी तिसरी वाट का धरली, ते सांगण्यासाठीच हे सगळे लिहितो आहे. मूळ रूपातली गाडी घेणारा माणूस खरे तर हिरोशिमावर विश्वास ठेवत असतो. रेडिएटर केवढा असावा, स्प्रिंग किती ताठ असावी, मिश्रणात इंधन किती असावे, हे एका मोठ्या संस्थेने हजारो तास तपासून ठरवले आहे, आणि मधला मालक कसाही असला तरी त्या निर्णयांची हमी तिची आहे. बदललेल्या गाडीच्या बाबतीत ती हमी संपते. टर्बोच्या दाबाला किती इंधन हवे, हे आता मी आणि ट्यूनिंग करणाऱ्याने ठरवलेले आहे. एपेक्स सीलांना तेल पुरवणारा मूळ पंप काढून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे तेल मिसळायचे हेही आम्ही ठरवलेले आहे. हे निर्णय बरोबर आहेत की नाहीत, याची ग्वाही देणारा जगात माझ्याशिवाय कोणी नाही. गाडीचे तुकडे केले तर त्या ग्वाहीची गरजच उरत नाही, आणि मूळ रूपात आणली तर ती पुसून टाकता येते. त्या दोन्ही वाटांनी मला जास्त पैसे मिळाले असते, कारण दोन्हींमध्ये मला कशाचीच जबाबदारी घ्यावी लागली नसती. त्या जपानी माणसाच्या सील केलेल्या कडा, मिस्त्रीने लिहिलेली मापे, आण्णांनी गेज लावून पाहिलेली खाच, रात्री उशिरापर्यंत डायनोवर, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, बसून थोडी शक्ती मुद्दाम सोडून देणारा ट्यूनर, या सगळ्यांनी एकमेकांना न भेटता मिळून एक गाडी केली आहे. सुमारे ४०० अश्वशक्ती असूनही ती मुंगीच्या वेगाने ट्रॅफिकमधून न तापता जाते. हे सगळे सुट्या भागांत राहत नाही.

म्हणून मी फाइल नीट केली. कारखान्यापासून आजवरचा प्रत्येक बदल तारखेच्या क्रमाने लिहिला आणि प्रत्येकापुढे तो का केला, कोणी केला आणि उलटवता येतो का, हे लिहिले. जे मला आवडत नाही तेही लिहिले : मागचे मडगार्ड काढले तर मूळ पत्रा परत मिळणार नाही, क्लच शहरात जड वाटतो, मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधून थंडीत एक खर्जातला आवाज येतो आणि तो अनेक वर्षे तसाच आहे. इथल्या कायद्यात खासगी विक्रेत्याला दुकानदारासारखी वॉरंटी द्यावी लागत नाही, पण त्याने चुकीचे सांगून गाडी विकली तर खरेदीदाराला भरपाई मागता येते. कायद्याची गरज म्हणून नव्हे, तर या यादीशिवाय गाडी कोणाच्याही हातात देणे धोक्याचे आहे म्हणून मी ती केली. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे हे न सांगता विकलेले इंजिन फार दिवस टिकत नाही.

पाहायला अनेक जण आले. बहुतेकांनी डायनोचा कागद आधी मागितला, शक्तीचा आकडा वाचला आणि गाडी सुरू करायला सांगितली. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नका, ते पेट्रोलने भरते आणि मग सुरू होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. एकाने तरीही हात पुढे केला आणि मी त्याला नम्रपणे किल्ली दिली नाही. काहींनी भाव पाडण्यासाठी तीच जुनी यादी वाचली, हे मूळचे नाही, तेही मूळचे नाही. एका वयस्क गृहस्थांनी मात्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून इतकेच म्हटले की आपल्या वयाला हा क्लच झेपणार नाही, आणि माझ्या पत्नीने दिलेला चहा घेऊन ते तासभर कॉस्मोविषयी बोलत बसले. तो तास मला फार आवडला.

जिने गाडी घेतली ती इथल्या वायकाटो भागातल्या दुधाच्या टँकरांची डिझेल मेकॅनिक आहे, वय तिशीच्या आत. तिने शक्तीचा आकडा विचारलाच नाही. उन्हाळ्यात चढावर कूलंटचे तापमान कुठपर्यंत जाते, त्याच्या नोंदी आहेत का, हा तिचा पहिला प्रश्न. नोंदी होत्या, संगणकात साठवलेल्या होत्या. तिने त्या लॅपटॉपवर उघडून तापमान, टर्बोचा दाब आणि मिश्रण या तीन रेषा एकाखाली एक लावून पाहिल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने रोटरीचा कॉम्प्रेशन टेस्टर कोणाकडे आहे विचारले. साधा टेस्टर या इंजिनाला चालत नाही, कारण एका रोटरच्या तीन बाजूंचे तीन दाब वेगवेगळे मोजावे लागतात. एक जरी बाजू पडलेली असेल तर साधा टेस्टर तीनपैकी सर्वांत चांगलाच आकडा दाखवतो आणि माणूस फसतो. आम्ही त्याच मिस्त्रीकडे गेलो. इंजिन गरम करून, प्लग काढून, २५० आरपीएमच्या हिशेबाने सहा आकडे घेतले. सगळे माझदाने घालून दिलेल्या किमान मर्यादेच्या वर होते आणि एकमेकांच्या जवळ होते. सहा आकडे जवळजवळ असणे हे मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे, हे तिला सांगावे लागले नाही.

तिने एक प्रश्न असा विचारला की जो दुसऱ्या कोणालाही सुचला नव्हता. ट्यूनिंग करताना तुम्ही कुठे थांबलात आणि का? मी सांगितले की दाब आणखी वाढवता आला असता, पण आमच्या इथल्या पंपावरच्या पेट्रोलवर मिश्रण वेळेआधी पेट घेण्याचा धोका होता, आणि तसे एकदा जरी झाले तरी एपेक्स सील तुटू शकते. म्हणून प्रज्वलनाचा कोन मागे घेतला आणि मिश्रण थोडे दाट ठेवले. तिने मान हलवली आणि मडगार्डच्या आत दिवा धरायला मला सांगितले. त्या जपानी मालकाच्या कापलेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. भाव ठरवायला त्यानंतर दहा मिनिटेही लागली नाहीत. निर्यातदारापेक्षा तिने जास्त दिले, तुकड्यांच्या हिशेबापेक्षा बरेच कमी.

कागदपत्रे सोपी होती. खासगी विक्रीत गाडीची तंदुरुस्ती-तपासणी महिन्याभराच्या आतली असावी लागते, ती करून घेतली. कर्जाचा बोजा नसल्याची नोंद तिने स्वतः तपासली. पट्टीवरचा एकेक बदल तिने गाडीशी ताडून पाहिला आणि शेवटी दोघांनी फाइलच्या यादीखाली सह्या केल्या. ट्यूनिंगची फाइल मी तिच्या लॅपटॉपवर उतरवून दिली, तिच्या जुन्या आवृत्त्यांसह, कारण एखाद्या बदलाने गाडी बिघडली तर मागे येण्याची जागा असावी लागते. मूळ भागांची खोकी तिने आणलेल्या युटीवर, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीवर, चढवली. मूळचे दोन्ही टर्बो खोक्यात पाहून तिला आनंद झाला. कधीतरी तेही दुरुस्त करून ठेवीन, असे ती म्हणाली.

आण्णांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी घेणाऱ्याचा व्यवसाय विचारला. डिझेलची मेकॅनिक आहे हे ऐकून म्हणाले, “मग तिला तापमानाचं सांगायला नको.” आणि लगेच विचारले की मिस्त्रीने लिहून दिलेल्या मापांचा कागद दिलास का. दिला, म्हटले. त्याची एक प्रत आपल्यासाठी ठेवलीस ना, हा त्यांचा पुढचा प्रश्न. ती मी ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. डिफरन्शियल खोलले, आवाज बेअरिंगचा निघाला, फार नाही, पण बदलते आहे. दुसरे, तिला सध्याच्या टर्बोपेक्षा एक माप लहान टर्बो घालायचा आहे, म्हणजे खालच्या आरपीएमला दाब लवकर येईल आणि गावाकडच्या रस्त्यांवर गाडी अधिक सोपी होईल. माझे मत काय? मी लिहिले की माझ्या मते शक्ती थोडी जाईल पण गाडी जास्त चांगली होईल, मात्र मॅप, म्हणजे संगणकातली इंधनाची मांडणी, नव्याने करावा लागेल आणि पट्टीवर नवी नोंद करून घ्यावी लागेल. परीक्षकाची वेळ तिने आधीच घेतली होती.